घरी रंगवलेल्या बंपरवर लॅकर कुठलं मारावं, आणि पावसाच्या आधी उरकावं का?

ताम्हिणी:
नमस्कार मंडळी. वॅगन आर आहे, सिल्व्हर रंगाची. मागच्या बंपरचा डावा कोपरा सोसायटीच्या खांबाला घासून रंग निघाला होता, त्याच बाजूच्या आरशाची टोपीही खरवडली होती. गॅरेजवाल्याने अख्ख्या बंपरचा भाव सांगितला तेव्हा ठरवलं की घरीच करायचं. दोन्ही पार्ट काढले, ओला पॉलिश पेपर मारला, खोल ओरखड्यांत लांबी भरली, प्लास्टिक प्रायमर, मग ग्रे प्रायमर आणि काल संध्याकाळी बेस कोट. कलर कोड देऊन बनवून घेतलेला स्प्रेचा डबा आहे. रंग मस्त जुळलाय पण चमक अजिबात नाही, ऍल्युमिनियमच्या पातेल्यासारखा दिसतोय. म्हणजे आता लॅकर.

प्रश्न असे की साधा वन-के लॅकर पुरे की हार्डनरवाला टू-के घ्यावा? टू-के चा डबा बराच महाग आहे आणि त्याच्यावरचे इशारे वाचून बायकोने तो घरात आणायलाच नाही म्हटलंय. आणि वळीव सुरू झालेत, परवा संध्याकाळी इथे पुण्यात चांगला झोडपला. मृगाच्या आधी उरकून टाकू की दिवाळीपर्यंत गाडी अशीच फिरवू? काम नीट व्हावं अशी फार इच्छा आहे, वडिलांची गाडी आहे ही.

कट्टेकरी:
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या बलेनोची टोपीही रांगेत आहे.

स्पॅनर_पाना:
आधी एक विचारतो, बेस कोट काल संध्याकाळी मारलात म्हणताय, तर डब्यावर क्लिअर (म्हणजे तुमचं लॅकरच) किती वेळात मारायचा ते लिहिलंय का बघा. बऱ्याच बेस कोटना अर्ध्या तासापासून साधारण 24 तासांपर्यंत मुदत असते. त्यात क्लिअर मारला तर तो खालच्या थराला घट्ट धरतो. मुदत उलटली की पकड कमी होते आणि पुढच्या उन्हाळ्यात क्लिअरचे पापुद्रे निघायला लागतात. तेव्हा आजची संध्याकाळ गाठायच्या नादात आभाळ भरलेलं असताना मारू नका, मुदत गेली तर त्यालाही उपाय आहे, खाली लिहितो.

वन-के की टू-के. वन-के मध्ये फक्त द्रावक उडून जातो आणि रेझिन मागे राहतं. म्हणून तोच किंवा तसला द्रावक परत लागला की ते विरघळतं. टू-के मध्ये हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन जाळं तयार होतं, मग ते परत विरघळत नाही. बंपरला गाडी धुताना शाम्पू, डांबराचे थेंब काढताना रॉकेल, कडक ऊन, सगळं सोसायचं आहे. माझं मत स्पष्ट आहे, बंपरला टू-के. आरशाच्या टोपीला वन-के चालून जाईल पण डबा एकदा फोडला की तो ठेवून उपयोग नसतो, म्हणून दोन्ही त्यातच उरका.

घाई_गडबड:
एवढं काही नसतं हो. आमच्या ऍक्टिव्हाच्या पुढच्या पॅनलला मी साधा क्लिअर मारलाय, दोन पावसाळे काढले, अजून चकाकतंय. उगाच माणसाला घाबरवायचं आणि चौपट खर्चात पाडायचं.

स्पॅनर_पाना:
@घाई_गडबड, तुमचं पॅनल टिकलंय हे खरंच, पुढचं पॅनल पेट्रोलपासून लांब असतं. पेट्रोलच्या झाकणाशेजारी तेच मारलं असतं तर पंपावरच्या पहिल्या ओघळातच चिकट झालं असतं. खात्री करायची असेल तर पॅनलच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थिनरमध्ये जेमतेम ओला केलेला फडका अर्धा मिनिट धरून चोळा. फडक्याला चिकट लागून रंग आला तर वन-के. टू-के पूर्ण वाळलेला असेल तर फडका स्वच्छ राहतो. जुनी गाडी घेताना एखादा दरवाजा कुठे आणि कसा रंगवलाय हे ओळखायलाही माझे वडील हेच करायचे, अर्थात मालकाला विचारून.

घाई_गडबड:
केलं. फडक्याला आला रंग. ठीक आहे, झाकणाशेजारी नाही मारणार. पण पॅनलला वन-के पुरतो या मतावर मी ठाम आहे.

परशुरामभूमी:
चिपळूणहून लिहितोय, तेव्हा पावसाबद्दल माझा अधिकार मान्य करावा :)

हवेत दमटपणा असताना लॅकर मारला की वर पांढुरकी साय धरते. कारण असं की द्रावक झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतलं बाष्प त्यावर दवासारखं उतरून थरात अडकतं. हात मारल्यावर मिनिटाभरात डोळ्यांदेखत होतं, आधी कडेला दुधाळ दिसतं आणि मग आत सरकत येतं. टू-के ला वेगळाच त्रास, त्याचा हार्डनर पाण्याशी क्रिया करतो आणि त्यातून वायू सुटतो, मग बारीक बुडबुडे नाहीतर निस्तेजपणा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कुणी शहाणा माणूस उघड्यावर रंगाचं काम घेत नाही. पुण्यात तुम्हाला अजून आठवडा-दहा दिवस मिळतील, वळीव पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र नको, जमीन वाफ सोडत असते.

उद्यमनगर:
बरोबर हाय परशुरामभूमी. आमच्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात पेंटिंगचं काम होतं, ड्युकोचा जमाना. पावसाळ्यात ट्रक आला की एनसी (नायट्रोसेल्युलोज, म्हंजे ड्युकोच) रंगात थिनरबरोबर रिटार्डर घालायचे, म्हंजे द्रावक सावकाश उडतो आणि पांढुरकं धरत नाही. धरलंच तर वरनं नुसत्या रिटार्डरचा एक हलका फवारा, की साय जिरून परत काच. हे एनसीला आणि वन-के ला जमतं, टू-के ला नाही, तिथं वाळू द्यायचं आणि घासून परत मारायचं एवढंच हातात.

आणि एक सांगतो भावा, ड्युकोला हल्ली लोक नावं ठेवतात पण त्यानं मोटारीचा धंदा बदलला. 1923 साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्युपॉन्टचा हा लॅकर आला, त्याच्या आधी तेलाचा रंग आणि व्हार्निश वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे, गाड्या नुसत्या गोदामात वाळत उभ्या. ड्युकोनं ते तासांवर आणलं. आमच्याकडं जुनी माणसं अजून कुठल्याही स्प्रे पेंटला ड्युकोच म्हणतात.

गंजिफा:
अवांतर होतंय पण राहवत नाही. लॅकर म्हटलं की मला सावंतवाडी आठवते. तिथल्या गंजिफांचे गोल पत्ते रंगवून वर लाखेचा थर देतात, म्हणून ते हाताळून हाताळून खराब होत नाहीत. ती लाख झाडावरच्या किड्यापासून मिळते. आणि जपानमधल्या उरुशी लॅकरची तर गंमतच, ते झाडाच्या चिकापासून करतात आणि त्याला पक्कं व्हायला दमट हवाच लागते, मुद्दाम ओलसर कपाटात ठेवतात. म्हणजे परशुरामभूमींच्या चिपळुणात उरुशीचा कारखाना जोरात चालेल.

परशुरामभूमी:
@गंजिफा, जागा देतो, भांडवल तुम्ही आणा.

वऱ्हाडी_ठेचा:
तुमचं दमटाचं चाललंय, आमचं उलटं आहे न भाऊ. अकोल्यात मे महिन्यात 44-45 डिग्री, स्प्रे डब्यातून निघून पार्टवर पोचेपर्यंत अर्धा वाळते. मग बोट फिरवलं की खरखरीत लागते, चमक येतच नाही. पार्ट उन्हात ठेवून मारला तर अजून वाईट, वरची कातडी वाळते न आतला द्रावक बाहेर पडायला बघते, तिथं टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. आमचा पेंटर उन्हाळ्यात स्लो हार्डनर वापरते न सकाळी सातलाच मोकळा होते. डबा वापरायचा असेल तर पार्ट सावलीत, हाताला गार लागला पाहिजे. आणि डबा गाडीत उन्हात ठेवू नका, 50 डिग्रीच्या वर स्फोट होऊ शकते, डब्यावरच लिहेल असते. दुपारी तर मारूच नका.

कट्टेकरी:
पुणेकर 1 ते 4 तसंही काही करत नाहीत, तेव्हा तो धोका टळला.

मेघना_श्वास:
गमतीत गंमत चालू दे, पण धागाकर्त्यांच्या पत्नीचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटलं म्हणून सविस्तर लिहिते. मी छातीच्या विकारांच्या विभागात काम करते. टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. स्प्रे पेंटरना होणाऱ्या व्यावसायिक दम्याचं हे एक मोठं आणि नीट नोंदवलेलं कारण आहे. यातला वाईट भाग असा की एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढच्या वेळी अगदी नगण्य मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ती संवेदनशीलता सहसा जात नाही. वासावरून अंदाज घेऊ नका. वास येईपर्यंत हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेलं असतं, आणि जो वास येतो तो बहुतेक थिनरचा असतो.

कोरोनात घेतलेला एन-95 इथे चालत नाही. तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. रबरी अर्धा मुखवटा, त्याला सेंद्रिय वाफांची कार्बन काडतुसं आणि पुढे धूळगाळणी, असा घ्या. चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बसत नाही. हातात नायट्राइल मोजे, डोळ्यांना बंद गॉगल, पूर्ण बाह्या. कातडीवाटेही संवेदनशीलता येऊ शकते. घरात कुणाला दमा असेल तर टू-के मारूच नका, पेंटरकडे द्या.

घाई_गडबड:
गच्चीवर वारं असतं की. वाऱ्याच्या दिशेने उभं राहून एक डबा मारायचा तर एवढं चिलखत?

मेघना_श्वास:
हो, एवढंच. वारा फिरतो, आणि फवारणारा माणूस तोंड पार्टापासून हातभर अंतरावर धरून उभा असतो. शेजारच्या गच्चीवर लहान मुलं खेळत असतील तर त्यांचाही विचार करायचा. मी रुग्ण पाहिलेत, आकडे सांगून घाबरवत नाहीये.

राइनकाठ:
मेघनाताईंना पूर्ण अनुमोदन. मी जर्मनीत असतो. इथे 24 ऑगस्ट 2023 पासून युरोपीय संघाच्या नियमाने 0.1 टक्क्याच्या वर डायआयसोसायनेट असलेला माल धंद्यासाठी वापरणाऱ्याला प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावता येत नाही. पंचवीस वर्षं स्प्रे गन चालवलेल्या पेंटरनाही ते करावं लागलं.

आमची अडचण थंडीची. हिवाळ्यात गॅरेजमध्ये 5-6 डिग्री, क्लिअर घट्ट येतो आणि नुसता ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर. डबा कोमट पाण्यात (कोमटच, उकळतं नाही) दहा मिनिटं ठेवला की फवारा बारीक होतो. पुण्यात हे लागणार नाही. पण आतली गोळी वाजायला लागल्यानंतर दोन-तीन मिनिटं डबा हलवायचा हा नियम सगळीकडे सारखा. टू-के डब्याच्या बुडाची पिन दाबल्यावर (तिने आतला हार्डनर मिसळतो) परत तितकाच हलवा. पिन दाबली की घड्याळ सुरू झालं, माझ्या डब्यावर 20 डिग्रीला 48 तास लिहिलंय, तुमच्या उन्हात त्याहून लवकर गोठेल.

सायली_गिअर:
इतकी चर्चा झाली पण सोपा मार्ग कुणी सांगितला नाही. बेस कोटपर्यंत घरी करा आणि क्लिअरसाठी पार्ट घेऊन कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. तो दुसऱ्या कुठल्या गाडीला क्लिअर मारणार असतोच, त्याच गनने, त्याच मिसळलेल्या मालाने तुमच्या बंपरवर दोन हात मारून देतो. आधी फोन करून विचारा की क्लिअर कधी मारणार आहात, त्या वेळेला पार्ट पुसून तयार नेऊन द्या. मी दोनदा असंच केलंय, डब्याच्या किमतीपेक्षा कमीत झालं आणि मुखवट्याचा प्रश्नच नाही. फक्त त्याला सांगा की खालचा बेस डब्यातला आहे, म्हणजे पहिला हात तो हलका मारेल.

ताम्हिणी:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मेघनाताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली मुखवटा आण मग बघू. घरात दमा कुणाला नाही. सायली, तुमचा मार्ग आवडला पण शेवटचा हातही स्वतःच मारावा असं फार मनात आहे, मुखवटा मिळाला नाही तर मात्र नक्की तसंच करेन.

आता अडचण अशी की काल रात्री परत पाऊस आला, बेसला दोन दिवस होऊन गेले. डब्यावर 24 तासच लिहिलंय. मग 1500 चा पेपर मारून क्लिअर मारू का?

उद्यमनगर:
थांबा थांबा, मेटॅलिक बेसवर पेपर मारून थेट क्लिअर मारायचा न्हाई. त्यात ऍल्युमिनियमचे कण आडवे बसल्यात, पेपर मारला की ते कापले जातात, आणि क्लिअर पडला की पट्टे पट्टे उठून दिसतात. साधा पांढरा असता तर चाललं असतं. तुम्ही असं करा. राखाडी स्कॉचब्राइटनं (घासायच्या जाळीदार पॅडनं) अगदी हलक्या हातानं सगळीकडं घासून निस्तेज करून घ्या, पुसा, मग त्याच बेसचा एक पातळ हात परत मारा. शेवटी थोडं लांबनं, फूटभरावरनं, धुक्यासारखा एक फवारा सोडा, त्यानं सिल्व्हर एकसारखा बसतो. अर्ध्या तासानं क्लिअर. म्हंजे मुदत पुन्हा सुरू.

स्कॉचब्राइट झाल्यावर एक मास्किंग टेप दाबून चिकटवा आणि झटक्यानं ओढा. रंग टेपबरोबर आला तर खालीच पकड न्हाई, मग वर सोन्याचा क्लिअर मारला तरी उपयोग न्हाई. बंपरच्या पाठीमागं प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो, पीपी (पॉलिप्रोपिलीन) असेल तर ही परीक्षा कराच, पीपीला रंग धरायचाच कंटाळा असतो. आरशाच्या टोप्या बहुतेक एबीएस प्लास्टिकच्या, त्या गुणी.

स्पॅनर_पाना:
उद्यमनगर यांनी काम सोपं केलं, मी हेच लिहिणार होतो. क्लिअरचा हात कसा मारायचा तेवढं सांगतो. डबा 20-25 सेंटीमीटरवर, पार्टाला समांतर. मनगटाने कमान काढू नका, अख्खा हात सरकवा. पार्टाच्या बाहेर बटण दाबा, पार्ट ओलांडून बाहेरच सोडा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पहिला हात पातळ, नुसता ओला वाटेल इतका. दहा मिनिटं थांबा, मास्किंगच्या टेपवर बोट लावून बघा (पार्टावर नाही), तार निघाली नाही की दुसरा हात, हा भरून. तिरक्या उजेडात बघत मारा, जिथे प्रकाशाची रेघ सलग दिसते तिथे पुरेसं पडलंय, पुढे चला. लोक तिथेच रेंगाळतात आणि ओघळ येतो. कंपनीच्या गाडीवर क्लिअरचा थर साधारण 40-50 मायक्रॉन असतो, केसाहूनही बारीक, तेव्हा जाड मारण्यात मोठेपणा नाही, पण घासून पॉलिश करायचं असेल तर घरच्या कामाला तिसरा हात द्यावा.

वऱ्हाडी_ठेचा:
आणि आजूबाजूला जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते.

परशुरामभूमी:
तुमच्याकडे कोरड्यात ठीक. जूनच्या तोंडावर पुण्यात पाणी शिंपडणं म्हणजे दमटपणा विकत घेणं. आदल्या दिवशी जागा धुवून घ्यावी आणि कोरडी होऊ द्यावी. वेळही पहाटेची नको, नऊ ते अकरा बघा, दव गेलेलं असतं आणि ऊन चढलेलं नसतं.

सायली_गिअर:
अजून एक, जिथे मारणार तिथे कुणी डॅशबोर्ड पॉलिशचा स्प्रे मारत नाही ना ते बघा. त्यातलं सिलिकॉन जरा जरी पार्टावर बसलं तर क्लिअर तेवढ्या जागी सरकून गोल गोल डोळे पडतात, आणि वरून कितीही मारा, भरत नाहीत. वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसायचं ते पेपर मारायच्या आधी आणि नंतरही, दर वेळी नवा फडका.

ताम्हिणी:
झालं एकदाचं! मुखवटा मिळाला, तीन दिवस कोरडे गेले, रविवारी सकाळी साडेनऊला बिल्डिंगच्या मागच्या बाजूला मारलं, शेजाऱ्यांना आधी सांगून खिडक्या लावून घेतल्या. टेपची परीक्षा दोन्ही पार्टांनी पास केली. पहिल्या हाताला काही विशेष वाटलं नाही, दुसरा हात पडला आणि सिल्व्हरच्या आतून एकदम खोली आली, वर समोरच्या गुलमोहराची फांदी स्पष्ट दिसायला लागली. वडील खुर्ची टाकून लांब बसले होते, म्हणाले शोरूममधून आणली तेव्हा अशी होती.

टोपी निर्दोष आहे. बंपरच्या खालच्या ओठावर मात्र बोटभर लांबीचा एक ओघळ आलाय आणि मध्ये धुळीचे चार-पाच कण. आता हात लावू की राहू देऊ?

घाई_गडबड:
खाली कोण वाकून बघतंय, राहू द्या. आणि अभिनंदन, टू-के छान दिसतो हे मान्य.

उद्यमनगर:
झकास झालंय. राहू द्यायचं कशाला, निघतंय की. पण आत्ता न्हाई, आठवडाभर वाळू द्या, मऊ असताना घासलं तर ओघळाच्या जागी खड्डा पडतो. आठवड्यानं ओघळाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, 1500 चा वॉटर पेपर छोट्या कडक ठोकळ्याला गुंडाळा, साबणाच्या पाण्यात बुडवून फक्त ओघळाच्या माथ्यावर चालवा. बोटानं घासू नका, बोट बाजूचा क्लिअर आधी खातं. सपाट झाला की टेप काढून 2000, मग 3000, मग रबिंग कंपाउंड. घासताना पाणी पांढरं येतंय तोवर ठीक, करडं-चंदेरी आलं की तिथंच थांबा, खालचा बेस लागला. धुळीच्या कणांना 2000 नेच सुरुवात करा. कडांवर अजिबात दाबायचं न्हाई, तिथं थर सगळ्यात पातळ असतो. वॅक्स महिनाभर लावू नका, आतला उरलेला द्रावक निघायला वाट पाहिजे.

स्पॅनर_पाना:
आणि आरशाची टोपी बसवायच्या आधी तिच्या आतल्या क्लिपांवर क्लिअर पडलाय का बघा, असेल तर ब्लेडने खरवडून घ्या. क्लिपा जाड झाल्या की टोपी दाबून बसवावी लागते आणि त्या झटक्यात कडेचा नवा क्लिअर उडतो. बंपरही ओघळाचं काम झाल्यावरच चढवा, खालचा ओठ जमिनीवर बसून घासण्यापेक्षा टेबलावर उलटा ठेवून बरा घासता येतो.